कंसातला शब्द

"ही सही तुमचीच ना, मॅडम?"

मुलीने कागद टेबलावर सरकवला. अरुंधतीबाईंनी चष्मा चढवला आणि खाली पाहिलं. सही त्यांचीच होती. खाली निळा गोल शिक्का, त्यात 'मोडी लिप्यंतरकार' आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

"माझीच. काय झालं?"

"मग हे कंसातलंही तुम्हीच लिहिलंय?"

मुलीचं नाव मनस्वी. जासईच्या एका कंटेनर यार्डात ती दिवसभर कागदपत्रं तपासायची, त्यामुळे बोट नेमकं कुठे ठेवायचं ते तिला कळत होतं. सोफ्याच्या कडेला तिची आजी गुणाबाई बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, काटक, पाय जमिनीला टेकावेत म्हणून पुढे सरकून बसलेली. अरुंधतीबाईंच्या विचुंब्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. पाणी दिलं तेही तिने तसंच ठेवलं होतं.

अरुंधतीबाईंनी ओळ वाचली. सन १९४३ च्या फेरफार नोंदीचं त्यांनीच केलेलं लिप्यंतर होतं ते. 'काशिराम याचे खारीतील दोन तुकडे पाटाचे (पाण्याचा पाट) सबब सोनी हिचे नावास लावले.'

"सोनी म्हणजे माझ्या आजीची आई," मनस्वी म्हणाली. "काशिराम आजीचे वडील. त्यांची पहिली बायको वारली, तिचा एक मुलगा होता, तुळशीराम. मग त्यांनी सोनीशी पाट लावला. ती विधवा होती. त्यानंतर चार वर्षांनी आजी झाली. तुळशीरामआजोबांनी अकरा वर्षांपूर्वी वारसनोंद केली, तेव्हा आजीचं नावच घातलं नाही. पुरावा काय दिला, तर हा कागद. सोनी म्हणे पाट खणायला आलेली मजूर होती, मजुरीपोटी तिला दोन तुकडे कसायला दिले होते. बायको नव्हतीच. आम्हाला हे आत्ता कळलं, ऑनलाइन उतारे काढले तेव्हा. हरकत घेतलीय. गुरुवारी सुनावणी आहे."

त्या दिवशी सोमवार होता.

"शब्द पाट असाच आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या. आपला आवाज जरा चढलाय हे त्यांनाच जाणवलं. "मूळ कागदाशी ताडून बघा. मी चूक वाचलेलं नाही."

"पाट बरोबर आहे हो मॅडम. पाणी कुठून आलं?"

अरुंधतीबाईंनी ओळ पुन्हा वाचली. तेव्हा गुणाबाई पहिल्यांदा बोलली.

"पाट म्हंजे पाट. माजे आयचा पाट लागला व्हता. त्यान पानी कुटलं आलं मदीच?"

"कागद ठेवून जा," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मी बघते."

दाराशी चप्पल घालताना गुणाबाई वळली. "बाय, जमीन गेली तं गेली. अर्धी भरावाखाली गेली, अर्धीवर डबे चढलं. पन माजे आयला मजूर म्हनाले, आनि त्या कागदावर तुमची सही हाय."

अरुंधती शेवाळे बत्तीस वर्षं पनवेलच्या कचेरीत रेकॉर्ड रूमला होत्या. कऱ्हाडकडची मुलगी, लग्न होऊन इकडे आली, सव्विसाव्या वर्षी कारकून म्हणून लागली आणि धुळीच्या त्या खोलीत तिचा जन्म गेला म्हटलं तरी चालेल. तिथल्या अवधूतनानांनी त्यांना मोडी शिकवली. पुढे त्या रीतसर परीक्षाही पास झाल्या. निवृत्तीनंतर घरी बसून वाचनाचं काम सुरू केलं आणि या तेरा वर्षांत पनवेल-उरणच्या कितीतरी घरांचे कागद त्यांच्या हाताखालून गेले. शेवाळेबाईंची सही असली की समोरचा वकीलही फारसं ताणत नसे. याचा त्यांना अभिमान होता. तो त्या कधी बोलून दाखवत नसत इतकंच.

मोडी वाचणं म्हणजे नुसतं अक्षर लावणं नव्हे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत जागा नाही, लिहिणाऱ्याने लेखणी उचललेलीच नसते. शिर आणि शीर एकच, दिन आणि दीन एकच. मागचंपुढचं पाहून ठरवायचं. आणि अक्षर लागलं, शब्द लागला, तरी एकच शब्द दोन-तीन अर्थांनी समोर उभा राहतो. अशा वेळी काय करायचं ते अवधूतनानांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "जे आहे ते लिहायचं. शंका आली तर शंका आहे असं लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आपण वाचणारे, सांगणारे नव्हे."

मग हा कंस कसा पडला?

मनस्वी गेल्यावर अरुंधतीबाईंनी भाजी चिरायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली. गॅलरीत जाऊन आल्या. पुन्हा विळीपाशी बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांना तो दिवस आठवायला लागला होता, आणि तो पुरता आठवू नये असंही वाटत होतं.

तुळशीराम स्वतः आला होता. पांढरे कपडे, पांढरी टोपी, बोलायला गोड. ओळ वाचताना 'पाट' या शब्दावर त्यांचा हात थांबला होता. थांबला होता, हे नक्की. पाट म्हणजे बसायचा, तो इथे नाही. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. पाट म्हणजे पाण्याचा. तेवढ्यात तुळशीराम म्हणाला, "पाण्याचा पाट, मॅडम. आमच्या शेताच्या बाजूनंच जायचा. आता बुजलाय." आणि त्यांना ते लगेच पटलं. कारण त्यांच्या माहेरी घरामागून पाट वाहायचा. उसाला पाणी सोडलं की लहानपणी त्या त्यात पाय सोडून बसायच्या. त्यांच्या मनात पाट म्हटलं की आधी पाणीच यायचं. विधवेच्या पाटाचा विषय त्यांच्या घरात कुणी मोठ्याने काढत नसे. 'आपल्यात पाट लागत नाही' एवढंच आजी ठसक्यात म्हणायची, आणि पुढे विचारायची सोय नव्हती.

वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी कंस घातला होता. चांगल्या हेतूने. पण नानांनी सांगितलेली गोष्ट त्या क्षणी त्यांना आठवली होती की नव्हती? अरुंधतीबाईंना वाटलं, आठवली होती.

रात्री पहिल्याच घासाला त्यांच्या यजमानांनी, उदयसिंहांनी, विचारलं, "काय झालंय? आमटीत मीठ दोनदा पडलंय."

त्यांनी सांगितलं. उदयसिंह वीज मंडळातून निवृत्त झालेले, सरळ रेषेत विचार करणारे.

"पाट हा शब्द तिथं आहे ना?"

"आहे."

"मग झालं. अर्थ काढायचं काम साहेबांचं. कंसात तू काय लिहिलंस त्याला कोण विचारतंय?"

"अहो, सगळा निकाल त्या कंसावर लागलाय."

"अकरा वर्षांपूर्वी. आता ते उकरून तुला काय मिळणार? आपण एकाहत्तर वर्षांच्या आहोत, बाईसाहेब."

त्या ताट तसंच सारून उठल्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी मनस्वीला फोन केला आणि जागा बघायचीय म्हणून सांगितलं. मनस्वीला रजा नव्हती. "आजी येईल गावच्या नाक्यावर," ती म्हणाली.

रिक्षातून उतरल्या तेव्हा गुणाबाई उन्हात उभी होती. पुढे न बोलता चालायला लागली. गावाच्या टोकाशी डांबरी रस्ता संपला आणि खडीचा भराव सुरू झाला. भरावावर निळे, विटकरी, हिरवे कंटेनर एकावर एक रचलेले, चार-चार मजले. एक ट्रेलर मागे येत होता आणि त्याचा भोंगा थांबायला तयार नव्हता. कंटेनरांच्या मागे तिवरांची हिरवी रेघ, त्यापलीकडे खाडी.

"ही आमची खार," गुणाबाई म्हणाली.

अरुंधतीबाईंना नोकरीतला पहिला आठवडा आठवला. 'खारबंदिस्ती' असं लिहिलेली फाइल हातात पडली तेव्हा त्यांना झाडावरची खार सोडून दुसरी खार माहीत नव्हती आणि खारींना कोण बंदिस्त करतं असं विचारल्यावर सगळी खोली हसली होती. पुढे अर्थ कळला, खाडीकाठची बांध घालून राखलेली भातजमीन. पण खार त्यांनी कागदावरच पाहिली होती. तिच्यात त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"इथून पाण्याचा पाट जायचा का? आठवतंय तुम्हाला?"

गुणाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. तिचे पुढचे दोनच दात उरले होते.

"बाय, तुमी घाटावरच्या, खालच्या नाय ना. खारीन पानी आनत नाय कोनी. खारीन पानी अडवतान. तो बांध दिसला का? तो खाडीचं पानी अडवायला. खारं पानी आत शिरलं की तीन वर्सं भात नाय. पावसाचं पानी पडंल त्येच्यावर पीक. जादा झालं तं बांधातल्या उघाडीतून खाडीत सोडायचं. पाट काढून पानी आनायचं तं कुटून आनायचं? खाडीतून?"

अरुंधतीबाई तिथेच थांबल्या. बत्तीस वर्षं याच तालुक्याचे कागद सांभाळले आणि इतकी साधी गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती.

तिवरांच्या कडेला बांधाचा एक तुकडा शिल्लक होता. त्यावर दोघी टेकल्या. गुणाबाई आपणहून बोलत गेली. तिची आई उरणकडची, मिठागरावर काम करणारी. नवरा सर्पदंशाने गेला तेव्हा वीस वर्षांची होती. काशिरामने तिच्याशी पाट लावला. पाटाला वाजंत्री नसायची, मांडव नसायचा. अंधार पडल्यावर मागच्या दाराने चार माणसांत उरकायचा आणि सवाष्णींनी त्या रात्री तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही.

"मंग कोन सांगनार, मी बगला म्हनून? बगनारेच नाय. आय मेल्यावर भावानं पयलं काय केलान, तं माजं म्हायेरी येनं बंद केलान. गावान अजून ठेवलेलीची म्हनतान मला. तोंडावर नाय. मागं."

"तुम्ही कधी भांडला नाहीत?"

"कशावर भांडू? पत्र्यावर?" तिने कंटेनरांकडे हात केला. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आय म्हनायची, तुज्या बापानं दोन तुकडं माज्या नावावर केलान, कागद हाय. मी म्हनलं म्हातारी काय तं बोलतंय. कागद खराच निंगाला."

परतीच्या रिक्षात अरुंधतीबाईंना बसवेना. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "मॅडम, उतरायचंय का?"

घरी पोचताच त्यांनी माळ्यावरची गाठोडी खाली काढायला लावली. वाचलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवायची सवय त्यांना पहिल्यापासून. बुधवारी सकाळपासून त्या जमिनीवर सतरंजी टाकून बसल्या. हवा होता तो १९४३ ची ती नोंद लिहिणाऱ्या तलाठ्याचा हात. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, 'स'ची शेपटी लांब ओढलेली. दुपारपर्यंत त्या हाताच्या अकरा नोंदी सापडल्या.

त्या भिंग घेऊन एकेक वाचत गेल्या. डोंगराकडच्या एका गावाच्या नोंदीत पाण्याची वाट आली होती. तिथे त्याने लिहिलं होतं, 'चर'. जनावर चरतं तो चर नव्हे, पाण्यासाठी खणलेला चर. दुसऱ्या नोंदीत पाणी होतं, तिथेही चर. तिसरीतही चर. आणि पाट दोनदा आला होता. एकदा 'भावजयीशी पाट लाविला सबब'. एकदा 'पाटाचे बायकोचे मुलास'.

तो माणूस पाण्यासाठी पाट हा शब्दच वापरत नव्हता. त्याच्या बोलीत तो नसेल. त्याने पाट लिहिला की बाईमाणसाचा संसार लिहिला.

अरुंधतीबाईंनी प्रत्येक झेरॉक्सवर आपण वाचल्याची तारीख पाहिली. हे सगळं तेव्हाही त्यांच्या घरातच होतं. अकरातल्या सात नोंदी त्यांनी तो कंस घालण्याआधीच वाचल्या होत्या.

संध्याकाळी पाच वाजता बेल वाजली. तुळशीरामचा मुलगा इंद्रजीत आला होता. पंचेचाळिशीचा, पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. चप्पल बाहेर काढून आत आला, उदयसिंहांच्या पाया पडला, मग अरुंधतीबाईंच्या.

"आत्याकडे तुम्ही गेला होतात असं कळलं," तो म्हणाला. "गेलात ते बरंच केलंत. म्हातारं माणूस आहे. आमचं काही वैर नाही तिच्याशी."

"मग वारसात नाव का नाही?"

"ते बाबांनी केलंय. बाबा आता नाहीत. मी तुमच्या कागदावर चाललोय, मॅडम. तुमचा कागद म्हणजे पक्का, असं बाबा म्हणायचे."

"तो कागद पक्का नाही, इंद्रजीत. कंसातला शब्द माझ्या पदरचा आहे. तो मूळ नोंदीत नाही. मी उद्या तसं सांगणार आहे."

सतरंजीवर पसरलेल्या कागदांवरून त्याची नजर फिरली.

"सांगा. तुम्हाला कोण अडवणार? फक्त एक विचार करा. आमच्या आजूबाजूच्या चार गावांत तुमच्या सहीचे कागद आहेत. कुणाच्या हद्दीचे, कुणाच्या वाटणीचे. उद्या तुम्हीच म्हणालात, माझं वाचन चुकलं होतं, की परवा दहा जण उभे राहतील. आमचंही चुकलं असेल म्हणतील. ज्यांचं बरोबर आहे त्यांचंही मोडेल. त्या लोकांनी काय करायचं?"

तो आवाज न चढवता बोलला, आणि तो धमकावतोय असं म्हणायला जागा नव्हती. शिवाय तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.

"आणि माझ्या बाबांचं?" जाताना तो दारात म्हणाला. या वेळी त्याचा आवाज बदलला होता. "ते खोटं बोलले असंच होणार ना सगळ्यांत? मला दोन मुली आहेत, मॅडम. त्यांनी आजोबांना काय म्हणायचं?"

तो गेल्यावर उदयसिंह म्हणाले, "बरोबर बोलतोय तो."

"हो. बरोबर बोलतोय."

"मग?"

अरुंधतीबाई कागद आवरायला लागल्या. आवरता आवरता थांबल्या. "तिची आई मजूर म्हणून कागदावर आहे, ती माझ्यामुळे. तुळशीराम बोलला नुसतं. लिहिलं मी."

उदयसिंहांनी पुढे वाद घातला नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःहून इस्त्रीची साडी काढून पलंगावर ठेवली आणि रिक्षा बोलावली.

सुनावणीची खोली लहान होती. पंख्याचा आवाज बोलण्याच्या वरचढ. अधिकारी तिशीतली बाई, टेबलावर फायलींचा ढीग. एका बाजूला इंद्रजीत आणि त्याचा वकील, दुसरीकडे गुणाबाई आणि अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली मनस्वी. अरुंधतीबाईंनी लेखी निवेदन दिलं आणि तोंडीही सांगितलं. कंसातले दोन शब्द मूळ नोंदीत नाहीत, ते मी माझ्या समजुतीने घातले, ते मी मागे घेते.

वकील उठला. "म्हणजे मॅडम, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही खोटं सर्टिफाय केलंत?"

"खोटं नाही. जास्तीचं."

"फरक काय?"

"या प्रकरणात काही नाही," त्या म्हणाल्या.

गुणाबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि आज तुम्ही सांगताय की हा लग्नाचा पाट आहे. आज बरोबर कशावरून? कुणी सांगितलं म्हणून?"

"मी तसं सांगत नाही. पाट एवढाच शब्द आहे, एवढंच मी सांगते. त्याच तलाठ्याच्या अकरा नोंदी मी जोडल्यात. पाण्यासाठी तो कुठला शब्द लिहितो आणि पाट कुठे लिहितो, ते साहेबांनी पाहावं. जमीन खार आहे, तेही पाहावं. अर्थ मी काढणार नाही. मागे काढला तेवढा पुरे झाला."

अधिकारी बाईंनी नोंदी उलटल्या. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी विचारलं, "शेवाळेमॅडम, हे निवेदन रेकॉर्डवर घेतलं तर मला तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल. लिप्यंतरकारांच्या यादीतून नाव निघू शकतं. माहीत आहे ना?"

"आहे."

"घेऊ?"

"घ्या."

पुढचे काही आठवडे अरुंधतीबाईंना कुठेच चैन पडली नाही. यादीतून नाव निघाल्याचं पत्र नवव्या दिवशी आलं. इंद्रजीत म्हणाला होता तसं झालं. दहा नव्हे, पण चार जण आले. एक शांतपणे आला, एक जिन्यातूनच ओरडत आला. प्रत्येकाचा कागद त्यांनी त्याच्या देखत पुन्हा वाचला. चारही बरोबर निघाले. ओरडत आलेला माणूस चहा पिऊन गेला, पण जाताना म्हणाला, "आता तुम्ही बरोबर म्हणालात तरी उपयोग काय, बाई?"

मग त्यांनी स्वतःच सगळी गाठोडी सोडली. तेरा वर्षांतली प्रत्येक झेरॉक्स. त्या एकच शोधत होत्या, कंस. सतरा दिवस लागले. डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा उदयसिंह शेजारी बसून पानं उलटून द्यायचे. सात कंस सापडले. सहा निरुपद्रवी होते, कुठे महिन्याचं नाव, कुठे मापाचा खुलासा. सातवा एका विहिरीच्या हिश्शाचा होता. तरी सातही जणांना त्यांनी पत्रं लिहिली. 'मी केलेल्या वाचनात कंसातील मजकूर माझा आहे, मूळ कागदातील नाही. कृपया नोंद घ्यावी.' पत्रं टाकून आल्यावर त्या गॅलरीत उभ्या राहिल्या. हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं वाटलं नाही.

निकाल लागला तो हरकत मान्य होऊन. खार जमिनीची स्थिती आणि त्या तलाठ्याची लेखनपद्धत पाहता पाट म्हणजे पुनर्विवाह, असं अधिकारी बाईंनी लिहिलं होतं. काशिरामच्या वारसांत गुणाबाईचं नाव लावायचा आदेश होता. इंद्रजीतने अपील करणार म्हणून सांगितलं. करेल, न करेल. मनस्वीचा फोन आला, "मॅडम, निकालाची नक्कल आजीला हवीय. मला सुटी नाही. तुम्हाला तिथलं माहीत आहे. जाल का तिच्याबरोबर?"

अरुंधतीबाई गेल्या. नक्कल विभागाच्या खिडकीवर नवा माणूस होता, तो त्यांना ओळखत नव्हता. त्याने अर्जाचा कागद दिला. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मांडीवर पिशवी घेतली, पिशवीवर कागद.

"पूर्ण नाव सांगा."

"गुणाबाई." ती थांबली. "न्हवऱ्याचं लिवतान ना? आजवर सगलीकडं त्येच लिवलंय."

"वडिलांचं लिहिलं तरी चालतं. काही अडत नाही."

रांगेतली माणसं पुढे सरकत होती. कुणाचा तरी फोन वाजून थांबला.

"मंग लिवा," ती म्हणाली. "गुणाबाई काशिराम मोकल."

अरुंधतीबाईंनी लिहिलं. अक्षर सुटं आणि मोठं काढलं. अर्जात तेवढंच लिहायचं होतं, आणखी काही नाही. मग खिडकीवरच्या माणसाने शाईचं पॅड पुढे केलं. गुणाबाईने डावा अंगठा दाबून उठवला, आणि त्याने पुसायला फडकं दिलं ते घेतलंच नाही.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना अरुंधतीबाईंनी आधाराला हात दिला. गुणाबाईने उजव्या हाताने तो धरला. डावा हात तिने अंगापासून लांब, जरा वर धरला होता. अंगठ्यावरची शाई कशाला लागू नये म्हणून रिक्षात बसेपर्यंत तो तसाच होता.